कोड आला की सेन्सर बदल, हे थांबलं पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

चेक इंजिनचा लाईट लागला की गॅरेजवाले स्कॅनर लावतात आणि पी0101 किंवा पी0102 असा कोड आला की लगेच सांगून मोकळे होतात, एअर फ्लो सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) गेलाय, नवीन टाका. बिल हजारांत जातं आणि पुष्कळदा थोड्या दिवसांत लाईट परत लागतो, म्हणून हे पत्र.

पी0102 म्हणजे सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी आहे एवढंच. तो का कमी आहे ते कोड सांगत नाही, वायर तुटलेली असेल, प्लग सैल असेल, पिनांवर गंज असेल. पी0101 म्हणजे त्या आरपीएमला जेवढी हवा यायला पाहिजे त्याच्याशी आकडा जुळत नाही, मग एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो, डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडाच अडकलेला असू शकतो. सेन्सर खराब असतो पण, नाही असं नाही, फक्त ते तपासून ठरवा ना.

माझ्या भावाच्या डिझेल गाडीला घाटात पिकअपच नव्हता, गॅरेजने सेन्सरच सांगितला. दुसऱ्या मेकॅनिकने आधी फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारा रबरी पाईप हाताने वाकवून बघितला तर खालच्या बाजूला चीर, वरून अजिबात दिसत नव्हती, पाईप वाकवला की तोंड उघडायचं. सेन्सर डब्याला लागून आणि चीर त्याच्या पुढे, म्हणजे हवा सेन्सरला चुकवून आत जात होती आणि सोबत न गाळलेली धूळ सरळ टर्बोत. पाईप बदलला, कोड पुसला, सेन्सर अजून तोच आहे आणि गाडी मस्त चालते.

लाईव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे स्कॅनरवर बघायला कितीसा वेळ लागतो हो? दीड-दोन लिटरचं पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर आयडलला साधारण सेकंदाला 2 ते 5 ग्रॅम हवा दाखवतं, रेस केली की आकडा लगेच चढला पाहिजे, तिथंच अडकला किंवा मधेच शून्यावर आला तर संशय घ्या. आणि आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तेही आधी बघून घ्यावं.

एअर फ्लो सेन्सरवर घाण बसली असेल तर त्याच कामाचा क्लीनर स्प्रे मिळतो, तो मारून पूर्ण वाळू द्यायचं. आतली तार केसासारखी बारीक असते, तिला बोट, कापड, ब्रश काही लावायचं नाही, कार्बोरेटर क्लीनर तर नकोच. तेल लावलेले बाहेरचे एअर फिल्टर बसवणाऱ्यांनी तेल जास्त लावलं तरी तेच तेल त्या तारेवर जाऊन बसतं.

गॅरेजवाल्यांना विनंती आहे, पार्ट बदलायच्या आधीचे आणि नंतरचे रीडिंग बिलाला जोडा आणि जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. गिऱ्हाईकांनी पण ते मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एक वाचक, सातारा