मंजूस पत्र : नव्या घराचं गरम पाणी

वेंटवर्थविल, सिडनी
रविवार, ८ जून २०२५

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, सरकारच देतंय म्हणे, आपण फक्त सही करायची." तेवढ्यात तुझ्या दाराची बेल वाजली आणि बोलणं तिथंच राहिलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. इथल्या पेनरिथच्या घराचं सेटलमेंट, म्हणजे पैसे भरून ताबा घेणं, अजून सहा आठवड्यांवर आहे, तुमचं सामान अजून ब्रिस्बेनला आहे, आणि सरकारी सवलतीत हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, विकणाऱ्याचा फोन मात्र येऊन गेला! उद्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, घरात सगळे झोपलेत. म्हणून सविस्तर लिहायला बसले. हे नीट वाच, आणि वाचून होईपर्यंत कुठंही सही करू नकोस.

आधी माझं काय झालं ते सांगते, कारण ते मी तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही.

२०२३च्या मे महिन्यात एक तरुण मुलगा आमच्या दारात आला. आमचा विजेचा जुना टँक सोळा वर्षांचा झाला होता. तो म्हणाला, हा काढतो, नवा हीट पंप बसवतो, तुम्ही फक्त ३३ डॉलर द्या. मी दोनदा विचारलं, बाकीचे पैसे कोण भरतं? तो म्हणाला, सरकार. मी सही केली. चार दिवसांनी दोन माणसं आली, दीड तासात यंत्र बसवून गेली. ते त्यांनी बसवलं शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून, त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर समोर. तिथं बसवू नका म्हणायचं मला तेव्हा सुचलंच नाही.

पुढच्या वर्षी जुलैत सांगलीहून आई आली होती. एका पहाटे बाहेर तीन अंश तापमान आणि नळाला बर्फासारखं पाणी. यंत्राच्या पडद्यावर कसलासा आकडा लुकलुकत होता. कंपनीचा फोन लागेना. तीन दिवसांनी कळलं, कंपनी बंद झालीय. पाच वर्षांची वॉरंटी कागदावर होती, पण ती निभावणारं कुणी उरलं नव्हतं. त्या आठवड्यात मी गॅसवर पातेली तापवून आईच्या अंघोळीचं पाणी न्हाणीपर्यंत नेलं. ब्याऐंशी वर्षांची आई मला म्हणाली, "आपला तांब्याचा बंब कधी असा रुसला नाही गं." मला इतकं वाईट वाटलं मंजू, की मी बाथरूमचं दार लावून रडले.

आता मूळ मुद्दा. ती सरकारी सवलत खोटी नव्हती. आजही नाही. फसवणूक सवलतीत नसते. सवलत कुणाच्या हातात जाते आणि कधी जाते, तिथं सगळी गोम आहे.

इथं दोन वेगळ्या सवलती एकत्र येतात. पहिली केंद्राची, २०११ पासून चालू असलेली. तुझा हीट पंप पुढच्या काही वर्षांत जितकी वीज वाचवणार, त्याचा अंदाज करून त्याची सर्टिफिकेटं तयार होतात. त्यांना इथं सगळे 'एसटीसी' म्हणतात. एक सर्टिफिकेट म्हणजे एक मेगावॉट-तास, आपल्या भाषेत हजार युनिट. सरकारी क्लिअरिंग हाऊसमध्ये, म्हणजे सर्टिफिकेटांच्या खरेदी-विक्रीच्या सरकारी सोयीत, त्याचा भाव ४० डॉलर ठरलेला आहे, बाजारात बहुधा त्याहून थोडा कमी मिळतो. वीज विकणाऱ्या कंपन्यांना ही सर्टिफिकेटं घेणं कायद्यानं भाग आहे. म्हणजे 'सरकार भरतं' हे सुद्धा अर्धंच खरं. पैसे येतात वीज कंपन्यांकडून, आणि त्या ते आपल्या सगळ्यांच्या बिलातून काढतात. तुझ्या घरच्या सवलतीत माझ्या बिलातलेही चार पैसे आहेत, म्हणून तुला बजावायचा मला हक्क आहे असं समज!

दुसरी सवलत न्यू साऊथ वेल्स राज्याची. ती वीज वाचवल्याबद्दलची, २००९ पासूनची. तिचीही सर्टिफिकेटंच निघतात, पण त्यांचा भाव बाजारात खालीवर होतो. ब्रिस्बेनला तुला फक्त केंद्राची मिळाली असती. पेनरिथला दोन्ही मिळतील.

पुण्यात सोलर बसवल्यावर तुझ्या बाबांना घरपट्टीत सूट मिळायची, आठवतं? ती सूट त्यांच्या नावाच्या बिलात, त्यांच्या डोळ्यांसमोर दिसायची. इथं तसं नाही. इथं सवलत तुझ्या नावानं जन्माला येते आणि एका सहीनं दुसऱ्याची होते. 'असाइनमेंट' आणि 'नॉमिनेशन' असे कागद पुढं येतात ना, ते हेच. त्या सहीनं तू सर्टिफिकेटांवरचा हक्क विक्रेत्याला किंवा त्याच्यामागच्या सर्टिफिकेट कंपनीला देतेस, आणि त्या बदल्यात ते किमतीतून रक्कम कापतात. यात बेकायदा काही नाही, बहुतेक सगळे असंच करतात. पण एक लक्षात घे. यंत्र पुढची काही वर्षं नीट चालेल असं धरून हिशोब मांडलेला असतो, आणि विक्रेत्याला पैसे मिळतात बसवल्याबरोबर. त्याचा व्यवहार त्या दिवशी संपला. तुझा त्या दिवशी सुरू झाला. स्वस्तातलं यंत्र, घाईची जोडणी, चुकीची जागा, हे सगळं यातूनच येतं. मला जे यंत्र ३३ डॉलरला मिळालं, त्यात बहुधा सर्टिफिकेटांच्या पैशांत बसेल तेवढाच माल आणि तेवढीच मेहनत होती.

हे राज्याच्याही ध्यानात आलं. २०२४च्या जूनपासून घरमालकानं स्वतःचे किमान २०० डॉलर घातलेच पाहिजेत असा नियम झाला. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यानं तर २०२४च्या मे महिन्यात अशा सवलतींसाठी फोन करायलाच बंदी घातली आणि ऑगस्टपासून दारोदार फिरायलाही. तेव्हा तुला कुणी अजून ३३ डॉलर किंवा 'फुकट' म्हणत असेल, तर तिथंच फोन ठेव.

आणि जी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, ती ही. राज्याची मोठी सवलत साधा विजेचा टँक काढून हीट पंप लावण्यासाठी असते. माझा विजेचा टँक तर २०२३ मध्येच भंगारात गेला होता. २०२४ मध्ये बंद पडलेला हीट पंप काढून नवा घ्यायला गेले, तेव्हा राज्याची सवलत मला मिळाली नाही. फक्त केंद्राची मिळाली, आणि वर साडेतीन हजार डॉलर खिशातून गेले. तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या घरामागे तो गंजका २५० लिटरचा टँक दिसतोय ना, तो मोलाचा आहे गं. ती संधी बहुधा एकदाच मिळते. कुणा ऐऱ्यागैऱ्याला ती देऊ नकोस.

तुला वाटेल, मग या भानगडीत पडूच नये का? नाही मंजू. यंत्र फार चांगलं आहे. माझा दुसरा हीट पंप गेल्या ऑगस्टपासून चालू आहे आणि रोज सकाळी मला त्याचं कौतुक वाटतं. फ्रीज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. वीज लागते ती फक्त ओढायला. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायचं तर साध्या टँकला नऊ-सव्वानऊ युनिट लागतात, याला पावणेतीन-तीन. बाकीची उष्णता हवेतून येते, तिचं बिल कुणी पाठवत नाही.

आणि तुझ्या-माझ्यासारख्या गरम मुलखात तर हे आणखी सोपं. गार देशांत बाहेरच्या जाळीवर बर्फ साचतो, तो वितळवण्यात वीज जाते. आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा दुपारी सोळा-सतरा अंश असतात. तुझ्या पेनरिथला तर ४ जानेवारी २०२० रोजी पारा ४८.९वर गेला होता. उन्हाळ्यात हवेत इतकी उष्णता असते की यंत्राला जेमतेम काम उरतं. उलट तिथली हिवाळ्यातली पहाट सिडनी शहरापेक्षा गार, म्हणून ते पहाटे चालवायचंच नाही. टायमर लावून सकाळी दहा ते दुपारी तीन चालू ठेव. तुझ्या छतावर सोलर आहेच, म्हणजे हवा गरम आणि वीज घरची. जुने टँक मात्र बहुतेक रात्रीच्या स्वस्त विजेवर, 'कंट्रोल्ड लोड'वर असतात. घाईत काम करणारे नवा हीट पंप त्याच तारेला जोडून जातात. मग तो सगळ्यात गार वेळी राबतो आणि दुपारचं ऊन वाया जातं. माझ्या पहिल्या यंत्राचं नेमकं हेच झालं होतं.

तुझ्या घरात हॉलमध्ये जो रिव्हर्स सायकल, म्हणजे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा, एसी आहे, तोही हीट पंपच. तो चालतोय तोवर चालू दे. एकाच वेळी दोन्ही बदलायच्या मागे लागू नकोस.

विक्रेता तुला म्हणेल, "या महिन्यात सही नाही केलीत तर सवलत जाईल." त्याचा हिशोब मी करून ठेवलाय. केंद्राची योजना २०३० अखेर संपते, म्हणून या वर्षी, २०२५ मध्ये, सहा वर्षांची सर्टिफिकेटं मिळतात, पुढच्या वर्षी पाच वर्षांची, असं दर १ जानेवारीला एकेक वर्ष कमी होत जातं. समज, एखाद्या यंत्राला यंदा २४ मिळत असतील, तर जानेवारीत २० होतील. चार सर्टिफिकेटांचा फरक, म्हणजे जास्तीत जास्त १६० डॉलर. एवढ्यासाठी जूनमध्ये घाबरून सही करायची गरज नाही. राज्याच्या सर्टिफिकेटांचा भाव बदलतो हे खरं, पण त्या भावाच्या मागे धावून चुकीचं यंत्र घेण्यापेक्षा शंभर डॉलर जास्त गेलेले परवडले.

शिवाय त्यानं आपणहून फोन केलाय, तू बोलावलेलं नाहीस. अशा व्यवहारात सही झाल्यावरही दहा कामकाजाच्या दिवसांत तो मोडता येतो, हा ग्राहक कायदा आहे. माझ्या वेळी चौथ्या दिवशी यंत्र बसवूनही झालं होतं, आणि असा काही हक्क असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

आता तू काय करायचंस ते. घर ताब्यात आल्यावर आधी त्याच भागातला, वर्षानुवर्षं काम करणारा प्लंबर गाठ. मी तुला आमच्याकडे आलेल्याचा नंबर देईन. त्याला विचार, यंत्र बिघडलं तर सुटे भाग कुठून येतात आणि दुरुस्तीला कोण येतं. याचं उत्तर तो चटकन देऊ शकला नाही तर दुसरा बघ. किंमत लेखी घे, आणि त्यात तीन आकडे वेगवेगळे लिहून माग: यंत्र आणि मजुरीची पूर्ण किंमत, केंद्राच्या सवलतीपोटी किती कापले, राज्याच्या सवलतीपोटी किती कापले. दोन ठिकाणांहून असा कागद आणलास की कोण किती ठेवून घेतोय ते आपोआप दिसेल. यंत्राचं मॉडेल क्लीन एनर्जी रेग्युलेटर या, केंद्राची योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत आहे का तेही पाहून घे. नॉमिनेशनचा कागद काम होण्याआधी सही व्हावा लागतो, तेव्हा मागची तारीख घालून सही कर म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

जागेचं आवर्जून सांगते. तुझ्या डाव्या बाजूला शेजाऱ्यांची खिडकी अगदी जवळ आहे. रात्री दहानंतर आणि सकाळी सातच्या आत, सुट्टीच्या दिवशी आठच्या आत, या यंत्राचा आवाज शेजाऱ्यांच्या खोलीत ऐकू जाता कामा नये, असा इथला नियम आहे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना माझ्या पहिल्या यंत्रामुळे वर्षभर नीट झोप लागली नाही, आणि त्या एका शब्दानं मला बोलल्या नाहीत. मला ते नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. नवं यंत्र मी स्वतः उभं राहून गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावून घेतलं. पाइप चार मीटर वाढला, त्याला जाड वेष्टण घालायला लावलं.

टँकमधलं पाणी ६० अंशांपर्यंत तापू दे. वीज वाचवायला कुणी ५० वर ठेवायला सांगेल, ऐकू नकोस. कोमट साठ्यात लेजिओनेलाचे, म्हणजे फुप्फुसाच्या आजाराचे, जंतू वाढतात. बाथरूमच्या नळाला पाणी ५०च्या वर येऊ नये म्हणून वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो जुना असेल तर त्याच वेळी बदलून घे. तुझी मुलं लहान आहेत.

आई नोव्हेंबरात पुन्हा येतेय. मी तिला फोनवर सांगितलं, आता गरम पाणी आहे, भरपूर आहे. ती म्हणाली, उटणं घेऊन येते.

तू सेटलमेंटच्या आठवड्यात येशील तेव्हा आमच्याकडेच उतर. तोवर दोन फोटो पाठव: जुन्या टँकवरची पाटी, आणि मीटरबॉक्सचं दार उघडून आतला. टँकची तार कोणत्या मीटरला जाते ते मला बघायचंय. आणि त्या माणसाचा परत फोन आला तर त्याचं नाव, कंपनी आणि वेळ लिहून ठेव.

तुझीच,
वैशाली