बॅटरी विकायच्या आधी शेतावर आलेल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नको म्हणालात, म्हणून नुसतं काका. आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झालेले आणि आता सिताबर्डीत मुलाच्या दुकानावर बसणारे, एवढी ओळखसुद्धा तुम्हाला जास्तच वाटेल. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. सोलरच्या बॅटऱ्या बदलायची वेळ कुणावरही येते, आणि तुम्ही मला जे समजावलं ते आणखी कुणाच्या कामी यावं.

आमचा संत्र्याचा बगीचा काटोलच्या पुढे. शिवारात महावितरणचा खांब नाही, तेव्हा घर, फ्रिज, कुलर, कॅमेरे सगळं सोलरवर. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (म्हणजे अँपिअर-तासांच्या) चार ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या, बॅटऱ्या होत्या. रात्री जेवणं आटोपायच्या आत इन्व्हर्टर ओरडायला लागला, म्हणून मी तशाच चार नव्या मागायला आले. दुसऱ्या कुणी गाडीत चढवून दिल्या असत्या. तुम्ही म्हणालात, "जुन्या कशानं गेल्या ते पाहिलं का ताई? नाही पाहिलं तं नव्याही तशाच जातीन."

आणि रविवारी हायड्रोमीटर घेऊन हजर. दुपारी, चार्ज पुरता झाल्यावर, चारही बॅटऱ्यांच्या एकेका सेलमधून ॲसिड ओढून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (पाण्याचा १००० धरून), मला वहीत लिहायला लावलीत. भरलेल्या सेलला १२५० च्या आसपास हवी; आमचे बहुतेक ११८० ते १२०० वर अडकलेले, आणि एका बॅटरीतला तिसरा सेल थेट ११०० ला. सासूबाई दुरून "डोळ्यांत उडंल ना हो" म्हणून ओरडत होत्या, तर तुम्ही त्यांचाच चष्मा मागून घेतलात!

मग ती एकच बॅटरी बदलू, असं आमच्या घरच्यांचं मत पडलं. त्यावर तुम्ही चिडलात, पण समजावलंतही. सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक अशा जोडलेल्या चारींतून करंट एकच वाहतो. थकलेल्या तिघी लवकर भरणार, लवकर रिकाम्या होणार, आणि नवीला त्यांच्याच चालीनं चालावं लागणार. नवीचे पैसे जुन्यांसोबत बुडणार.

खरं दुखणं होतं पश्चिमेच्या भिंतीला लावलेली टिनाची खोली. सिस्टीम बसवणाऱ्यांनी बॅटऱ्या तिथं ठेवल्या, कारण वायर कमी लागत होती. नवतपात नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर बोलायलाच नको. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि वरच्या दर दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येतं, हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. दुसरं कारण पावसाळा. आभाळ दिवसेंदिवस हटत नाही, बॅटरी अर्धवट चार्जवर राहते, प्लेटांवरचं सल्फेट कडक होतं आणि पुढचं ऊन ते पुरतं विरघळवू शकत नाही. त्यात ट्यूब्युलर घास घेते हळूहळू, १५० एएचला १५ अँपिअरच्या आसपास. दोन तास ऊन पडलं तरी तिचं पोट भरत नाही.

त्या दिवशी नव्या बॅटरीचं नाव काढू दिलं नाहीत. आधी उत्तरेच्या पडवीत जागा करा, आरपार वारा हवा, मग दुकानात या, म्हणालात.

दुकानात तुम्ही कागदावर केलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. आमची रात्रीची गरज अडीच युनिटची. चारींचे मिळून ४८ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे ७२०० वॅट-तास, म्हणजेच ७.२ युनिट, पण ट्यूब्युलरमधून निम्मंच काढावं, म्हणजे ३.६. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५१.२ व्होल्ट, १०० एएच म्हणजे ५.१२, ऐंशी टक्के वापरली तरी चार युनिटच्या वर. दीडशेच्या जागी शंभर ऐकून मला तर वाटलं, काका कमी मापाचं देऊन राहिले. शिवाय ही बॅटरी ऊन पडलं की पटापट चार्ज घेते, ते पावसाळ्यात फार कामाचं. ट्यूब्युलरच घ्यायची तर लेबलवर सी-१० (दहा तासांत रिकामी केली तर मिळणारी क्षमता) बघायचं, सी-२० चा (वीस तासांचा) आकडा फुगलेला दिसतो, हेही तुम्हीच दाखवलंत. मात्र लिथियमलाही टिनाखाली ठेवायचं नाही, ही तंबी होतीच. आणि विहिरीची मोटर दिवसाच चालवायची, बॅटरीवर मुळीच नाही.

एवढं सगळं सांगून शेवटी म्हणालात, "लिथियम आमच्याकडं नाही ठेवत आम्ही." दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिलात. पोराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, काका! मला त्या क्षणी खरंच काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

तिथून आणलेली लिथियम बसवायच्या दिवशीही तुम्ही आलात. सोळा सेल, प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे ५८.४ ही शेवटची हद्द. तुम्ही चार्ज व्होल्टेज ५६ वर ठेवलंत. इक्वलाइझ (अधूनमधून मुद्दाम दिला जाणारा जादा चार्ज) बंद, शिशाच्या बॅटरीसाठी असलेली तापमानाची भरपाईही बंद. बॅटरीच्या लाइनवर घरातला साधा एसी एमसीबी (गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच) होता, तो काढून डीसीचा लावलात. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते, हे ऐकून आमच्या ह्यांनी गोठ्यातलीही वायरिंग तपासली.

जुन्या चार तुम्ही वजनावर जमा करून घेतल्यात. भंगारवाला चार पैसे जास्त देत होता, पण तो ॲसिड नालीत ओततो आणि शिसं चुलीवर वितळवतो, हे तुम्हीच सांगितलंत. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार त्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हव्यात, आणि तुम्ही तशी पावतीही हातात दिलीत.

यातल्या एकाही फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पेट्रोलचेही नाही. आंबिया बहाराच्या तोड्यातली एक पेटी दुकानावर पाठवते आहे. ती परत आली तर मात्र सासूबाई स्वतः घेऊन येतील.

आपली,
काटोलकडची ताई

ता.क. शेजारच्या मळ्यातल्या भाऊंच्या बॅटऱ्याही गेल्या आहेत. त्यांना तुमचा पत्ता दिला आहे, पण आधी ग्रॅव्हिटीचे आकडे वहीत लिहा, मगच जा, असं सांगून.