गेम रद्द केलात. पैसे पूर्ण परत करा आणि डेमो काढू नका

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गेम प्रकाशक कंपनीचे भारतातील कार्यालय

विषय: रद्द झालेल्या गेमच्या आगाऊ नोंदणीचा अपुरा परतावा आणि डेमो काढून टाकण्याचा निर्णय

महोदय/महोदया,

आपल्या गेमची आगाऊ नोंदणी केलेल्या पुण्यातील ग्राहकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. इतकी वर्षं वाट पाहायला लावून आपण एका परिच्छेदाच्या निवेदनात गेम रद्द केलात. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं; पण गेम बनवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. आमची तक्रार त्यानंतर जे झालं त्याबद्दल आहे. पैसे आमच्या खात्यात न येता आपल्याच स्टोअरच्या वॉलेटमध्ये जमा झाले आणि येत्या ३० तारखेपासून डेमो लायब्ररीतूनही काढणार असल्याची ईमेल आली.

आधी पैशांचं. डिलक्स आवृत्तीसाठी प्रत्येकी ४,९९९ रुपये भरले होते. वॉलेटमध्ये आले ४,२३६ रुपये ४४ पैसे. ४,९९९ला १.१८ने भागलं की बरोबर हाच आकडा येतो, म्हणजे १८ टक्के जीएसटीचे ७६२ रुपये ५६ पैसे आपण ठेवून घेतलेत. गेम दिलाच नाही तर त्यावरचा कर ग्राहकाने का सोसायचा? आगाऊ रकमेवर कर भरला असेल, तर पुरवठा रद्द झाल्यावर रिफंड व्हाउचर काढून तो आपल्या हिशेबात वळता करून घेण्याची सोय कायद्यात आहे. ते काम आपल्या लेखा विभागाचं.

‘कार्डाची मुदत संपली असल्यास मूळ खात्यात परतावा शक्य नाही’ हे हेल्पडेस्कचं उत्तरही पटणारं नाही. परतावा मूळ व्यवहाराच्या आधारे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. कार्ड बदललं असलं तरी ग्राहकाचं खातं चालू असेल तर बँक सहसा ते पैसे जमा करते. खातंच बंद झालं असेल तेव्हा अडचण येते. अशा वेळी नाव पडताळून एनईएफटी करता येते. बँकेत परताव्याचा माग काढता यावा म्हणून लागणारा संदर्भ क्रमांक, म्हणजे कार्डाच्या परताव्यासाठी २३ अंकी एआरएन आणि यूपीआयसाठी १२ अंकी आरआरएन, प्रत्येकाला कळवा. हा क्रमांक हातात नसेल तर बँकेच्या काउंटरवरून माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

आता डेमो. आमच्या दृष्टीने हा भाग पैशांपेक्षा मोठा आहे. त्या बारवेच्या टप्प्यात हातातली मशाल विझवली की पहारेकरी दिसेनासे होतात आणि त्यांच्या पावलांच्या आवाजावरूनच अंतर ओळखावं लागतं: कोरड्या पायरीवर वेगळा आवाज, ओल्यावर वेगळा, पाण्यात तिसराच. वर मोट सुरू केली की त्या करकरीत आपली चाहूल लपते. हे ज्यांनी बांधलं त्यांचं काम लोकांसमोर राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं. गेम पूर्ण होणार नसेल तर त्या कामाचा उरलेला पुरावा एवढाच आहे.

डेमो एकट्याने खेळण्याचा आहे, तरी सुरू होताना तो आपल्या सर्व्हरकडे परवानगी मागतो. सर्व्हर बंद झाला की डाउनलोड करून ठेवलेली प्रतसुद्धा पहिल्या पडद्यावरच अडकेल. म्हणून नुसता लायब्ररीत ठेवून भागणार नाही. ही तपासणी काढून टाकणारा शेवटचा पॅच द्या, आणि ज्यांच्या खात्यात डेमो आहे त्यांना तो पुन्हा उतरवून घेता येईल असं ठेवा.

हे न केल्यास काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘सायलेंट हिल्स’ एप्रिल २०१५मध्ये रद्द झाला, त्याचा ‘पी.टी.’ हा डेमो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला गेला, आणि पुढे आधी घेतलेल्यांनाही तो पुन्हा डाउनलोड करता येईना. ज्या पीएस४मध्ये तो राहिला होता, तेवढ्यावरच तो उरला. याउलट ‘स्टार फॉक्स २’ १९९०च्या दशकात तयार होऊन कपाटात पडला होता. काम जपलेलं होतं म्हणून २०१७मध्ये तो अधिकृतपणे लोकांच्या हाती आला. पुण्याला तर ही जखम जवळची आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक २०२०मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२२मध्ये ते माँट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६मध्ये गेमच रद्द झाला.

आणखी एक. डेमोच्या हिंदी सबटायटल्समध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत होती आणि जोडाक्षरं हलन्त दिसून फुटत होती. अक्षरं एकामागून एक जशीच्या तशी मांडली जातात, टेक्स्ट शेपिंग (अक्षरं आणि मात्रा जोडून योग्य जागी बसवण्याची प्रक्रिया) बंद असतं, त्यामुळे असं होतं. फॉन्ट बदलून ते सुटत नाही. स्क्रीनशॉटसह हे आपल्या फीडबॅक फॉर्मवर कळवलं होतं. गेम गेला तरी ती माहिती आपल्या पुढच्या गेमच्या टीमपर्यंत पोहोचवा. देवनागरी वाचणारे ग्राहक तिथेही असतील.

ई-कॉमर्स नियम, २०२०नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. आमच्या पहिल्या तक्रारीची पोच अजून आलेली नाही. या पत्रालाही उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३५खाली तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. प्रकरण तिथवर जावं अशी आमची मुळीच इच्छा नाही.

करासह पूर्ण रक्कम मूळ खात्यात कधी येईल ते तारखेसह कळवा. डेमो काढण्याचा निर्णय मात्र ३० तारखेच्या आधीच स्थगित करा. पैसे महिन्याभराने आले तरी चालतील, सर्व्हर बंद झाल्यावर पॅच देऊन उपयोग नाही.

आपले,
आगाऊ नोंदणी केलेले ग्राहक, पुणे

सोबत: पैसे भरल्याच्या पावत्या, वॉलेट जमेचे स्क्रीनशॉट, डेमोबाबतची ईमेल