आमच्या बाईंना, दहावीच्या निकालानंतर

आदरणीय बाईंना,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या १३ मेला निकाल लागला तेव्हा तुम्हीच फोनवर मला माझे मार्क वाचून दाखवलेत आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. आभार मानायचे राहून गेले. समोर आले की तुम्ही "पुरे गं, चहा घे आधी" म्हणता आणि विषय तिथंच थांबतो. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही काय काय केलंत ते माझ्यासारख्या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कळू दे, आणि गावोगावच्या गुरुजी-बाईंनाही कळू दे.

पहिल्या भेटीत तुम्ही माझा अभ्यास विचारला नाहीत. कारखान्याचं गाळप कधी सुरू होतं, पट्टा कधी पडतो (म्हणजे हंगाम कधी संपतो), उचल (आगाऊ घेतलेले पैसे) कोणाच्या नावावर आहे, खाडा (कामावर न गेलेला दिवस) झाला तर मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, किती कापतो, हे विचारलंत आणि वहीत लिहून घेतलंत. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता कळतं की माझी दहावी त्या पानापासून सुरू झाली. आमचा हंगाम कुठं मोडतो आणि बोर्डाची परीक्षा कुठं येते ते तुम्ही आधी ताडून पाहिलंत, आणि शाळा त्याला धरून बसवलीत.

माझी शाळा सातवीत सुटली ती याच हंगामापायी. दसरा-दिवाळी झाली की आईदादांबरोबर फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतावर जायचं. धाकट्या भावाला सांभाळायचं आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत भाकऱ्या थापायच्या. गावी परतावं तो वार्षिक परीक्षा तोंडावर. पुढं लग्न झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि उचलही त्याला अर्धीच मिळते. बीड जिल्ह्यात पोरींची लग्नं एवढ्या घाईनं का उरकतात याचं निम्मं उत्तर या हिशेबातच आहे.

दहावीला बाहेरून बसता येतं, त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, हे मला तुमच्याकडून कळलं. फॉर्म निघतात पावसाळ्यात, म्हणजे आम्ही गावात असतो तेव्हाच. पण त्याला लागतो शाळा सोडल्याचा दाखला, आणि आमच्यातल्या बहुतेकींचं घोडं तिथंच अडतं. मला ज्या शाळेतून दाखला हवा होता तिथं "तुमचं नाव सापडत नाही" एवढंच उत्तर मिळालं होतं. तुम्ही माझ्याबरोबर आलात, जुनं जनरल रजिस्टर मागून घेतलंत आणि बोट लावून एकेक ओळ वाचलीत. माझं नाव होतं, फक्त वडलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. जन्मतारीख अर्थातच १ जून. आमच्या वस्तीवर निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती.

दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. मी म्हटलं, आता संपलं. तुम्ही म्हणालात, "संपलं कसं? प्रतिज्ञापत्र करू." तहसीलसमोरच्या टंकलेखकाकडं आपण दोघी उन्हात उभ्या होतो ते मला आठवतं. पुढं हॉल तिकीट हातात आलं तर त्यावर माझं माहेरचं पूर्ण नाव छापलेलं. लग्नानंतर ते नाव मला कोणी विचारलंच नव्हतं.

शिकवण्याबद्दल किती लिहू? बीजगणिताला मी घाबरत होते. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आमच्या तोडणीच्या जुन्या पावत्या आणायला सांगितल्यात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढल्याचं फडात सगळ्यांनी ऐकलं होतं, पण हातात नेमके किती वाढले हे मांडून कोणी दाखवलं नव्हतं. टन किती, जुना दर किती, वाढ धरून किती, त्यावर मुकादमाचं कमिशन किती: शेकडेवारी मी तिथं शिकले. गाडीत किती टन बसलाय हे मला मोळ्या बघून सांगता येतं, मग 'क्ष' ला का भ्यायचं, असं तुम्ही म्हणालात. गणितात ४३ मिळाले. पट्टा पडून टोळी गावी आल्यावर हिशेबाला मी नवऱ्याच्या शेजारी बसले आणि खाड्याचे दिवस एकेक करून मोजून घेतले. मुकादम दोनदा माझ्याकडं बघत राहिला.

२०२४ च्या हंगामात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, एरवीपेक्षा उशिरा, म्हणून गावात अभ्यासाला थोडे दिवस जास्त मिळाले. नंतर मात्र कोल्हापूरकडचा फड. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर तोडायचं, रात्री कधीही गाडी लागली की भरायला जायचं. अशात वही कोण उघडणार? हे ओळखून तुम्ही धडे तुमच्या आवाजात व्हॉट्सॲपवर पाठवायला लागलात. आम्ही बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतो, उसाच्या पात्यांनी अंग कापू नये म्हणून. त्या शर्टाच्या खिशात फोन ठेवून मी मोळ्या बांधता बांधता इतिहास ऐकला. फोनचं चार्जिंग ट्रॅक्टरवाल्या भाऊंच्या कृपेनं. त्यांचेही आभार इथंच मानते.

भूगोलाचा धडा तर मी विसरणार नाही. दहावीचं ते पुस्तक भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवून चालतं. तुम्ही पुस्तकाबाहेरचं सांगितलंत, की जगात सगळ्यात जास्त ऊस ब्राझीलमध्ये होतो, त्याखालोखाल आपल्याकडं, आणि तिथला बराचसा ऊस आता यंत्रानं तोडतात. हातातली मोळी टाकून मी तुम्हाला उलटा निरोप पाठवला, की मग तिथले तोडणारे गेले कुठं? त्या रात्री आपण बराच वेळ बोललो. हार्वेस्टर आमच्याही फडांत दिसायला लागलेत. पुस्तकातला प्रश्न माझाच प्रश्न असू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. बाई, शाळेत असताना असं एकदाही वाटलं नव्हतं.

सगळ्यात अवघड होतं ते परीक्षेला येणं. २१ फेब्रुवारी ते १७ मार्च लेखी, त्याआधी तोंडी आणि प्रकल्प. हंगाम चालू, उचल घेतलेली, आणि माझा कोयता अर्धा झाला तर गाडी कोण भरणार? मुकादमाचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही हे दिवाळीच्या आधीच ओळखलं होतंत आणि त्याला तुमच्या घरी बोलावून घेतलं होतंत. भांडण केलं नाहीत, तारखांचा कागद पुढं ठेवलात आणि विचारलंत, "एवढे दिवस बदली चालेल का?" माझा धाकटा दीर माझ्या जागी फडात उतरला. नवऱ्यानं महिनाभर एका शब्दानं कुरकुर केली नाही. पोरं सासूबाईंपाशी फडावर राहिली. आणि मी तुमच्याकडं, कारण गावातल्या घराला कुलूप होतं.

तुमच्या घरी मला सकाळी उठल्यावर काही काम नसायचं, फक्त अभ्यास. जन्मात असे दिवस मला मिळाले नव्हते. पहिल्या दोन दिवसांत मी न राहवून भांडी घासायला बसले तर तुम्ही माझ्या हातातून घासणी काढून घेतलीत आणि इंग्रजीचं पुस्तक दिलंत. इंग्रजीत ३७ आले, तेवढ्यावर निभावलं.

माझ्याबरोबर बसलेल्या आमच्या वस्तीवरच्या दोघींपैकी एक पास झाली. दुसरीचं गणित राहिलं, पण पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तेव्हा सगळे गावातच असतात. बदली नको, खाडा नको. माझ्या मते आमच्या लोकांनी पुरवणी परीक्षेला नाक मुरडू नये, ती आमच्याच सोयीची आहे. गणित राहिलेली ती मैत्रीण रोज संध्याकाळी तुमच्याकडं येते हे मला ठाऊक आहे, आणि निकाल लागला म्हणून तुमचं काम संपलेलं नाही हेही.

गावात आशाताईची जागा निघाली की मी अर्ज करणार आहे. त्याला दहावी विचारतात. अंगणवाडीला आता बारावी लागते, तेही डोक्यात आहे. कोयता यंदा सुटेल असं म्हणत नाही, कारण मागची उचल अजून फिटायची आहे. पण धाकटीला या दसऱ्याला फडावर नेणार नाही. ती सासूबाईंपाशी गावात राहील आणि शाळेत जाईल, हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

आणखी एक काम घेऊन येते आहे, रागावू नका. ह्यांनाही सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. आठवीतून सुटलेत. दाखला पेटीत जपून ठेवलेला आहे, पण त्यावर आडनाव चुकीचं पडलंय. सोमवारी बाजाराला येऊ तेव्हा दाखला आणि आधार दोन्ही घेऊन येतो. तुम्ही घरी असाल ना, तेवढं कळवा.

आपली विद्यार्थिनी,
एक ऊसतोड कामगार, जिल्हा बीड