विमानाच्या वाटेत लग्नाचा ड्रोन

महोदय,

लोहगाव विमानतळाजवळच्या आमच्या सोसायटीसमोरील मंगल कार्यालयात लग्नसराईत वरात टिपण्यासाठी उडवलेला ड्रोन गच्चीवरील टाकीच्याही वर घिरट्या घालत असताना, चाके खाली काढलेले विमान पलीकडून उतरताना मी पाहिले. धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर उतरणारे विमान जेमतेम साडेतीनशे फुटांवर असते. तेथे एवढीशी वस्तू दिसली, तरी वैमानिकाला वळायला सवड नसते. पक्ष्याच्या धडकेची भीती आहेच, पण ड्रोनमधील बॅटरी आणि मोटारी पक्ष्याहून कितीतरी कठीण असतात. २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे उतरणाऱ्या छोट्या विमानाच्या पंखावर ड्रोन आदळला. आतील आठही जण सुदैवाने बचावले.

आपल्याकडील २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीविना २०० फुटांपर्यंतच उडवता येते, त्याहून जवळ तर मुळीच नाही. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचाही तळ. हे किती छायाचित्रकारांना ठाऊक असेल? (आमच्या समोरच्याला नव्हते, मी विचारले.) मंगल कार्यालयांच्या आरक्षण पावतीवर ही अट ठळकपणे छापणे प्रशासनाने सक्तीचे करावे, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच करावे, ही विनंती.

– एक वाचक, विमाननगर, पुणे