न्यायदेवता अजून दारावरच

संपादक महोदय, जुन्या सरकारी इमारतींचं काय करायचं यावर आपल्याकडे वाद चाललाय म्हणून सांगावंसं वाटलं. सध्या मुलीकडे इंग्लंडला आलोय, वॉरिक गावाजवळ (वॉरिक युनिव्हर्सिटी मात्र या गावात नाहीच, ती कॉव्हेंट्रीला, आम्हीही फसलो होतो). तर इथे ज्युरी स्ट्रीटवर जुनं कोर्ट हाऊस आहे. 1694 च्या आगीत गावाचा मध्यभाग जळाला, त्यानंतर 1720 च्या दशकात फ्रान्सिस स्मिथ नावाच्या इथल्याच बांधकामवाल्याने हे उभारलं. मोठं नाही हो, रस्त्यावरून पटकन नजरेत भरतही नाही, पण खालच्या मजल्याचे दगड मुद्दाम खोल खाचा ठेवून बसवलेत त्यामुळे तो भाग भक्कम दिसतो आणि वरचा मजला एकदम हलका, मध्ये कोनाड्यात तराजूवाली न्यायदेवता. वर नाचगाण्याचा हॉल, म्हणजे कोर्ट आणि पार्टी एकाच छपराखाली! पुढे इथे टाऊन कौन्सिल आलं, पण देवीला कोणी हलवलं नाही. आमच्या तालुक्याच्या जुन्या कचेरीत मात्र सागवानी दारं काढून अ‍ॅल्युमिनियमचं पार्टिशन ठोकलंय, आणि ती दारं कुठे गेली ते विचारलं तर कोणी सांगत नाही.

— एक वाचक, सध्या मुक्काम इंग्लंड