शेवंतीला झोप लागेना

इंदूर, 12 ऑक्टोबर 2025

प्रिय बंड्या,

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले, दसऱ्याला एक. तिन्ही मी मुद्दाम उचलले नाहीत. मोबाइल टेबलावर थरथरत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. हिने विचारलं, "भांडलात का?" म्हटलं, "भांडलो असतो तर पहिल्या रिंगला उचलला असता."

तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे, गुडघे उठता-बसता बोलतात. झालं.

आता खरं सांगतो. काकूंच्या शेवंतीला कळ्या नाहीत.

हसू नकोस. मे महिन्यात मीच मोठ्या तोंडाने त्यांना फोनवर म्हणालो होतो, "काकू, यंदा पाडव्याला तुमच्या शेवंतीची भरलेली कुंडी घेऊन पुण्याला येतो." 87 वर्षांच्या बाईला दिलेला शब्द आहे रे. त्यावर त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? "आण, पण बंडूच्या हातात बॅट नाही ना, बघून ठेव." म्हणजे 1971 साली फुटलेली ती कुंडी अजून तुझ्याच खात्यावर आहे. मार मात्र मी खाल्ला होता, आणि तू जिन्याखाली बसून चिंचा खात होतास. हे मी दर पत्रात काढणार.

तर 14 कुंड्या. फेब्रुवारीत काश्या, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, सोडवल्या, पावसाच्या तोंडाशी कुंड्यांत लावल्या, दोनदा शेंडे खुडले. ऑगस्टच्या मध्यानंतर कात्री कपाटात. सगळं दरवर्षीसारखं. दसऱ्यापर्यंत शेंड्यावर मिऱ्याएवढ्या कळ्या दिसायला हव्यात. यंदा नुसती पानं! अशी हिरवीगार, टवटवीत, निर्लज्ज पानं की जुडी बांधून बाजारात बसावं. त्यातून दिवाळीलाही घाई. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, शेवंतीला तयारीला वेळ होता. यंदा 21 ऑक्टोबरलाच. आमच्या शेजाऱ्यांचं तर 20 लाच, आपण दाते पंचांगवाले एक दिवस मागे.

आधी मी खतावर संशय घेतला. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. पण खत माझं घरचं. तुला माहीत आहे, जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट आपल्याच गावचं. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या साहेबाने 1924 नंतर इथे, आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, पाला, शेण, राख यांचे थर लावून ते बसवलं. जग इंदूरला खतासाठी ओळखतं आणि आपण पोह्यांसाठी. मी अजून तसंच करतो, फक्त पाला मिळत नाही. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं, त्यामुळे रस्त्यावर वाळकं पान दिसलं रे दिसलं की गेलं. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की मी पोतं घेऊन कडुलिंबाखाली धावतो. झाडूवाल्या बाई म्हणतात, "अंकल, आज हमारे लिए भी कुछ छोड़ दो."

मग हिच्यावर संशय घेतला, तांदळाचं धुवण घालते म्हणून. त्याचा निकाल स्वयंपाकघरात लागला. दोन दिवस मुगाची खिचडी.

कोजागिरीला उलगडा झाला. गच्चीवर मसाल्याचं दूध घेऊन बसलो होतो. चंद्र वर होता की नव्हता, कळायला मार्ग नव्हता, कारण समोरच्या घराने श्रावणात गच्चीच्या कठड्यावर एलईडीचा हॅलोजन लावलाय, रात्रभर चालू. इतका उजेड की दुधाच्या पातेल्याखाली घातलेल्या पेपरातली लग्नाची जाहिरात मी चष्म्याशिवाय वाचली. मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष. पेला संपवून मी टाकीमागे ठेवायला गेलो. तिथे अंधार. तिथे रंगाची एक चिरलेली बादली आहे. जुलैत एक मरतुकडी काशी उरली होती, फेकवेना म्हणून त्यात खुपसून दिली होती. ना खत, ना खुडणी. अंधारात हात टेकला आणि बोटांना मिरी लागली. एक नाही, नऊ. मोबाइलच्या उजेडात मोजल्या आणि मग जीभ चावून पटकन उजेड बंद केला.

कारण तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला (अंधार पडला म्हण). शेवंती दिवस मोजत नाही रे, रात्र मोजते. रात्र लांब झाली आणि सलग मिळाली की तिला कळतं, आता फुलायचं. मधेच उजेड पडला की तिला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय, आणि ती पानंच काढत बसते. आधी माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण आपल्याच गच्चीवर रात्र होत नाही, हे कुणाच्या लक्षात येतं?

समोर गेलो. तरुण मुलगा, चांगला आहे, चहा दिला. म्हणाला, "अंकल, फूल को भी नींद आती है क्या?" म्हटलं, "बेटा, तुझे आती है?" तर म्हणतो, "नहीं आती, इसीलिए तो लगवाई." चोरांची भीती वाटते त्याला. पुढे काय बोलणार? आता रोज संध्याकाळी सहाला, बादली सोडून उरलेल्या 13 कुंड्यांवर खोकी उपडी घालतो आणि सकाळी सातला काढतो. टीव्हीचं, मिक्सरचं, तुझ्या भाच्याच्या लग्नात मिळालेल्या डिनर सेटचं. कॉलनीत बातमी आहे की जोशीकाकांचं थोडं हललंय. पण कळी धरून फूल उमलायला दीड-दोन महिने जातात. ती फुलं आता दत्तजयंतीची. पाडव्याची नव्हेत.

आणि मला इतकं का लागलं, ते तुलाच कळेल. वाडा विकलास तेव्हा मी तुला फार बोललो. हक्क तुझा होता, छत गळत होतं, सगळं मान्य. पण रामबागेत आता त्या जागी लिफ्ट आहे आणि खाली गाड्या. तिथून मी आणलं ते एवढंच, ओल्या फडक्यात बांधलेल्या पाच काश्या. तू म्हणालास, "एवढंच?" मी उत्तर दिलं नाही, कारण रडू येत होतं आणि तुझ्यासमोर रडायचं म्हणजे पुढची चाळीस वर्षं ऐकायचं. त्या पाचांच्या या चौदा आहेत. त्यांना मी उजेडात जागवत ठेवलं, आणि दोन महिने मला पत्ताच नाही.

असो. नातवाचं दहावीचं कसं चाललंय? वहिनींचा खांदा बरा झाला का? नवी गाडी घेतलीस म्हणे, रंग पांढराच असणार, तुझं धाडस मला माहीत आहे.

आता दिवाळीच्या शुभेच्छा, माळ्याच्या. तुझ्या घरावर मावा कीड न पडो. पिठ्या ढेकूण पडलाच तर तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर पडो. नातवाचे शेंडे वेळेवर खुडले जावोत, म्हणजे फांद्या फुटतील. फार खुडू नकोस, आपले फार खुडले होते. तुझ्या मुळाशी पाणी न साचो. नि काकूंना अजून खूप पाडवे दिसोत, सगळे पिवळे.

मी 21 च्या रात्रीच्या बसने निघतो. बादली घेऊनच येतो. मागच्या वेळी कंडक्टरने कुंडीचं अर्धं तिकीट घेतलं होतं, या वेळी मांडीवर घेणार. काकूंना आधी काही सांगू नकोस. नाहीतर सांगच, म्हणावं, नऊ कळ्या आहेत, बादलीत आहेत, आणि उमलायला थोडं थांबावं लागेल.

एक काम कर. गॅलरीतला तो निळा दिवा काढून ठेव. आकाशकंदील स्वयंपाकघराच्या बाजूला लाव. कळ्यांना रंग चढेपर्यंत रात्री गॅलरीत एक काजवासुद्धा नको.

तुझा,
नाना